लाल डबीतली हिरवी

यमुनानगर, निगडी
१८ जुलै २०२५

ती. वन्संना अरुंधतीचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून तो कागदावरच वाकून केला आहे, गोड मानून घ्या.

पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. दर चातुर्मासात मी काही ना काही सोडते हे तुम्हाला ठाऊक आहेच. कांदा-लसूण सोडून झाला, वांगं सोडून झालं. एका वर्षी चहा सोडला, तेव्हा तुमच्या बंधूंनीच हात जोडून मला तो परत प्यायला लावला. यंदा मोबाइल सोडला आहे. भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या, अगं, कसं होणार तुझं. म्हटलं, वांगं सोडताना असं कोणी विचारलं नव्हतं, आणि मला वांगं जास्त आवडतं. कार्तिकी एकादशीपर्यंत फोन देव्हाऱ्याखालच्या खणात बंद. जोडीला दुसरा नेम असा की खोटं बोलायचं नाही, कोणाचं मन राखण्यासाठीसुद्धा नाही. तेव्हा तुमच्याशी बोलायचं तर पत्रच. निगडीहून तळेगावला टपाल पोचायला चार दिवस लागतात म्हणे. पत्राला पाय असते तर त्याच दिवशी संध्याकाळी पोचलं असतं.

आता मुद्दा. तुमचे बंधू.

ओजस नोकरीसाठी बंगलोरला गेल्यावर त्याच्या खोलीत मी पापड वाळत घालणार होते. तिथे आता एक अ‍ॅम्प्लिफायर राहतो. जुन्या बाजारातून आणलेला, लोखंडी, झाकण काढून पोट उघडं ठेवलेला. त्या पोटात एका सॉकेटमध्ये चिप बसते. काळी, आठ पायांची, माशीपेक्षा जरा मोठी. तिला ऑपॅम्प म्हणतात. मी विचारलं, ही करते काय. म्हणाले, बारीक आवाज मोठा करते. म्हटलं, ते काम या घरात मी फुकट करते.

एका चिपवर भागत नाही. तीन आहेत. एक अ‍ॅम्प्लिफायरबरोबर आलेली, एक मुंबईहून मागवलेली आणि एक परदेशातली. तिसरीची किंमत विचारली तेव्हा ते एकदम देवाच्या फोटोकडे भक्तिभावाने बघायला लागले, एरवी कधी बघत नाहीत. हिशेबात मी तिला औषधपाण्याखाली टाकलं आहे, कारण आजारच आहे. तिघी दिसायला सख्ख्या जुळ्या-तिळ्या. त्यांना राहायला घर म्हणून मी आळंदीहून आणलेल्या बुक्क्याच्या तीन डब्या रिकाम्या करून घेतल्या. लाल झाकणात मुंबईची, हिरव्यात परदेशातली, पिवळ्यात मूळची. बुक्का कागदाच्या पुडीत गेला. देवाचं काय, तो पुडीतूनही लावून घेतो.

संध्याकाळचा कार्यक्रम असा. हे बाहेरच्या खोलीत, लांब वायर ओढून आणलेल्या स्पीकरसमोर डोळे मिटून बसतात. मी आत. बटण बंद करायचं, चिप उपटायची, मनाला येईल त्या डबीतली दुसरी लावायची, तिच्या टोकाची खाच डावीकडे ठेवायची, बटण सुरू करायचं. गाणं लागतं. मग बाहेरून आवाज येतो, "लाल." मी डबीचं झाकण बघून सांगायचं, बरोबर की चूक. माझी नेमणूक का, तर वाती वळून वळून माझी बोटं हलकी झाली आहेत म्हणे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. बोटांचं कौतुक झालं ते असं.

गाणं म्हणजे अभंग आहे, हे ऐकून मला आधी बरं वाटलं होतं. पण तो पहिल्या दोन ओळींच्या पुढे जात नाही. बुवा विठ्ठलाला हाक मारतात, आणि विठ्ठलाने ओ देण्याच्या आत मी बटण बंद करते. परत तीच हाक, परत बटण. पांडुरंग रोज संध्याकाळी विटेवरून उतरतो आणि काही काम नव्हतं असं समजून परत चढतो. हे पाप कोणाच्या नावावर मांडायचं ते मला कळेना. तुम्ही थोरल्या बहीण. जरा समजावा.

आपली
अरुंधती


तळेगाव दाभाडे
२९ जुलै २०२५

चि. सौ. अरुंधतीस आशीर्वाद, आणि गुडघ्याला निर्गुडीचं तेल.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले, मी सोडून. अनंता माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्यावर हसायचा हक्क मी पन्नास वर्षांपूर्वीच वापरून संपवला.

त्याच्या कानाबद्दल बोलतेस तर ऐक. लहानपणी आमच्या बाबांची लुना कोपऱ्यावर वळायच्या आधी हा सांगायचा, बाबा आले आणि टाकीत पेट्रोल थोडंच आहे. बाबा त्याला एकदा मारायला धावले, म्हणाले, पेट्रोलचं आईला कशाला सांगतोस. त्या कानावर तुझं घर चाललं आहे, बाई. चाकणच्या कंपनीत गिअरबॉक्स तयार झाला की तो तपासणीच्या टेबलावर फिरवतात, आणि हा कान देऊन सांगतो, पास की नापास. चोवीस वर्षं तेच करतोय. हे तुला माहीत आहे, पण त्याची टिंगल करताना सोयीने विसरतेस.

आता मला प्रश्न पडलाय तो वेगळा. तुला त्याने काही सांगितलेलं दिसत नाही. कंपनीत माइक लावलेलं मशीन आलंय. तेही गिअरबॉक्स ऐकतं. शिवाय नोव्हेंबरात पन्नाशीवरच्यांचे कान तपासणार आहेत. जो उतरेल तो टेबलावर राहील, बाकीच्यांना स्टोअरमध्ये पाठवणार. मला फोनवर म्हणाला, "ताई, हा माझा रियाज आहे. स्टोअरमध्ये बसून वॉशर मोजण्यापेक्षा मी घरी बसेन." आवाजात हसू होतं, पण मी शाळेत तीस वर्षं मुलांचं खोटं हसू ओळखलं आहे.

तेव्हा तुला आज्ञा म्हण, विनंती म्हण: रोज चिप लाव, आणि त्याचं मन राखायला 'बरोबर' म्हणू नकोस. चुकला तर चूक म्हण. त्याला खरं कळलं पाहिजे.

तुझी नणंद
विजयश्री

ता. क. बुक्का पुडीत ओलसर होतो. काचेच्या बाटलीत भर.


यमुनानगर, निगडी
२१ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना नमस्कार. तेलाने गुडघा तसाच आहे, पण घरभर वास छान येतो.

तुमचं पत्र मी जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचलं, आमटी भुरकली, आणि म्हणाले, "तुला काळजी वाटेल म्हणून नव्हतं सांगितलं." मला काळजी वाटू नये म्हणून हा माणूस सगळ्या जगाला सांगतो आणि मला सोडतो. तर आता सगळं मला माहीत आहे. मी मुकाट्याने चिपा लावते. विठ्ठलालाही सांगितलं आहे की नोव्हेंबरपर्यंत जरा चढ-उतार सोस.

आणि मन राखण्याची भीती बाळगू नका. चातुर्मास आहे. माझं बरोबर ते बरोबर आणि चूक ती चूक. त्यांनाही हे माहीत आहे. परवा म्हणाले, "तुझ्या नेमाचा घराला पहिल्यांदाच उपयोग झाला." सत्तावीस वर्षांच्या उपासतापासांचा निकाल तो हा.

पण वन्सं, तुमच्या भावाचा कान खरंच आहे हो. दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगतात. मला तिन्हींत फरक ऐकू येईल तर शपथ. विचारलं तर समजावून सांगतात. पिवळीतली मूळची चिप जुनी झाली आहे, गाण्याच्या मागे सूं करते, लांब कुठेतरी कुकर लावल्यासारखी. लालमधली स आणि श टोचून बोलते. हिरवी शांत. मी म्हटलं, म्हणजे पिवळी तुमची आई, लाल तुमची बहीण आणि हिरवी मी. ते म्हणाले, पुढची लाव. हे तुम्हाला लिहायला नको होतं, पण खोटं न बोलण्याच्या नेमात मध्येच थांबता येतं की नाही याची खात्री नव्हती.

आता ताप वेगळाच झाला आहे. बरोबर, बरोबर ऐकून डोक्यात वारं गेलं आहे. मिक्सर ऐकून म्हणाले, याचं बुश गेलंय. पंखा ऐकून म्हणाले, तेल मागतोय. मी उठताना माझा गुडघा ऐकून म्हणाले, हा नापास. शुक्रवारी भजनी मंडळ आपल्याकडे होतं, तर चहा द्यायला म्हणून आले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, पेटीचा एक सूर उतरलाय. पेटी अध्यक्षीणबाईंची. आता पुढच्या शुक्रवारी मला टाळ मिळतो की नाही ते बघायचं.

कान तपासून झाले की हे यंत्र घरातून जावं, एवढंच मागणं आहे. नवरात्रात देवीच्या कानावर घालणार आहे. तिचे तरी नीट असतील.

आपली
अरुंधती


यमुनानगर, निगडी
११ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संना नमस्कार, आणि पेढे समजून वाचा.

देवी पावली. इतक्या लवकर पावेल असं मलाही वाटलं नव्हतं. नोव्हेंबरची मुदत दिली होती, तिने ऑक्टोबरातच काम उरकलं.

सगळं क्रमाने सांगते. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते, हे नवा शर्ट घालून तिकडे गेले. मी घरातल्या हत्यारांची मांडली. विळी, कात्री, शिवणयंत्र, त्यांचे पाने आणि पकड. मग मनात आलं, या तिघी चिपा रोज राबतात, घरधन्याच्या नोकरीचा भार त्यांच्यावर, त्यांनी काय घोडं मारलंय. तिन्ही डब्यांतून काढल्या, ताम्हनात आडव्या मांडल्या, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूची एकेक पाकळी वाहिली. खरं सांगते, गोजिरवाण्या दिसत होत्या, पाय वर केलेल्या झुरळांना कोणी नटवलं तर दिसतील तशा. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून एकेक डबीत परत ठेवल्या. यांना बोलले नाही. बोलले असते तर कुंकवाने करंट कसा पसरतो यावर व्याख्यान झालं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून रियाज सुरू झाला आणि वन्सं, काय सांगू. एकही बरोबर नाही. मी लाल लावली की म्हणतात हिरवी. हिरवी लावली की म्हणतात पिवळी. पिवळी लावली की लाल. मी आतून म्हणते, "चूक." परत लावते. परत "चूक." माझा आवाज बुवांपेक्षा चढायला लागला. एरवी मिक्सरचे रोग ओळखणारा माणूस, दारात येऊन म्हणाला, "नीट बघून सांगतेस ना झाकण?" म्हटलं, "माझे डोळे तपासायला नोव्हेंबरात कोणी येणार नाही." मंडळात मी हे सगळं करून दाखवलं. लाल तर हिरवी, हिरवी तर पिवळी. बायका पोट धरून हसल्या. अध्यक्षीणबाई सगळ्यांत जास्त हसल्या, आणि टाळ मला परत मिळाला.

चार-पाच दिवस असं चाललं. मग कोजागिरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चिपा डब्यांत घातल्या, झाकण लावलं, स्क्रू बसवले आणि डब्यांसकट यंत्र माळ्यावर चढवलं. मी शिडी धरली. म्हटलं, "आता पापड घालू का या खोलीत?" म्हणाले, "घाल." एवढंच. भांडणसुद्धा नाही. तेव्हापासून घरात इतकी शांतता आहे की मला घड्याळ ऐकू येतं.

गर्व उतरला की माणूस कसा सरळ होतो बघा. मिक्सरला काही बोलत नाहीत. भाऊबीजेला तुमच्याकडे येतील तेव्हा तुम्हालाही फरक दिसेल. माझा भाऊ इकडे यायचा आहे, त्यामुळे मला जमणार नाही. त्यांच्याबरोबर चकल्या पाठवते.

आपली
अरुंधती


तळेगाव दाभाडे
२४ ऑक्टोबर २०२५

अरुंधती,

फरक दिसला. चकल्या उत्तम होत्या, त्याने एकही खाल्ली नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. तुझा फोन खणात नसता तर कालच केला असता. खोटं न बोलण्याचा नेम तुझा आहे, माझा नाही. अनंताला मी वचन दिलं की तुला सांगणार नाही, आणि ते लगेच मोडते आहे.

ओवाळून झाल्यावर तो ओट्यावर जाऊन बसला. समोर अंगणात मुलांनी भुईचक्र लावलं होतं. मला म्हणाला, "ताई, हे फिरताना वरचा जो बारीक आवाज असतो ना, तो मला आता येतोय की मी आठवणीने भरून काढतोय, सांगता येत नाही." मी म्हटलं, काय झालं. म्हणाला, "कान गेले. घरी तपासून बघितलं. आधी दहात नऊ यायचे, आता एकही नाही."

दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने अर्ज दिला आहे. मला स्टोअरला बदली द्या, असा, स्वतःहून. त्याचं म्हणणं, चार माणसांसमोर मशीनपुढे नापास होण्यापेक्षा आपण उठलेलं बरं. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने गिअरबॉक्स पास करणं म्हणजे रस्त्यावरच्या लोकांशी खेळ. त्याचे साहेब नागसेन, त्यांनी सांगितलंय की सोमवारी संध्याकाळपर्यंत विचार करा, मग मी अर्ज वर पाठवतो.

मी विचारलं, अरुंधतीला का नाही सांगितलंस. तर म्हणाला, "ती किती खूष आहे माहिती आहे का, यंत्र माळ्यावर गेल्यापासून गुणगुणते."

तुझं कोजागिरीनंतरचं पत्र मी परत काढून वाचलं. मला हसू आलं नाही. एक मात्र कळलं नाही. माणसाचा कान हळूहळू जातो, इथे पन्नाशी-साठीच्या सगळ्यांचे तसेच गेलेले बघते आहे. हा दसऱ्याच्या आधी दहात नऊ होता आणि दसरा झाल्यावर शून्य. बल्ब उडाल्यासारखा कान उडतो का गं? तू जवळ होतीस, तू सांग.

विजयश्री


यमुनानगर, निगडी
२९ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संना नमस्कार. या वेळी खरोखर वाकून, गुडघ्यासकट.

तुमचं पत्र सोमवारी दुपारी आलं, हे सेकंड शिफ्टला गेल्यावर. उभ्यानेच वाचलं. बल्बच्या ओळीपाशी आले आणि मला ताम्हन दिसलं.

शेजारच्या मुलाकडून माळ्यावरच्या डब्या काढून घेतल्या. तांदूळ निवडायचा चष्मा लावला. चिपेवर बारीक अक्षरांत नंबर असतो, तो आजवर मी कधी वाचला नव्हता, झाकण बघायची. परदेशातल्या चिपेचं खोकं मी जपून ठेवलं होतं, कारण मी खोकी टाकत नाही. खोक्यावरचा नंबर आणि लाल डबीतल्या चिपेचा नंबर एकच. लाल डबीत हिरवी बसली होती. पिवळीच्या घरात लाल, हिरवीच्या घरात पिवळी. पायांच्या बेचक्यात अजून कुंकू होतं.

म्हणजे मी लाल लावली आणि ते हिरवी म्हणाले, तेव्हा हिरवीच होती. एकदाही चुकले नव्हते. चुकणारा माणूस दर वेळी वेगळं चुकतो, हे तर चकलीसारखं एका साच्यातून पडत होतं, आणि मी ते मंडळात नक्कल करून दाखवलं. मॅट्रिक झाले तेव्हा गणितात मला पहिला वर्ग होता, तुम्हाला सांगितलं होतं ना. विसरा.

आता सोमवारी संध्याकाळच्या आत कंपनीत कळवायचं होतं. खणातला फोन काढला असता तर एका मिनिटाचं काम. खण उघडलाही. मग वाटलं, ज्याच्यासाठी चार महिने पाळलं तो काय म्हणेल, एवढ्यावरून मोडलंस? म्हणून डब्या पिशवीत घातल्या आणि निघाले. निगडीहून भोसरीची बस, भोसरीहून चाकणची, पुढे शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला अर्धं बूड टेकवून. रस्त्यात ट्रक अडकले होते. पांडुरंगाला म्हटलं, व्रत तुझं, ट्रॅफिकही तूच बघ. त्याने फक्त व्रत बघितलं.

गेटवर भिवा नावाचा वॉचमन, परभणीकडचा. म्हणाला, "मावशी, आत नाई सोडता येत. काकाला फोन लावा की."

"माझं फोनचं व्रत आहे."

"मंग मी लावतो माझ्यावरून."

"तुमच्यावरून लावलात तरी माझ्यासाठीच लागला ना."

तो मान हलवून चालत आत गेला. देव त्याचं भलं करो, ऊन होतं.

हे आले. डोक्यावर टोपी, गळ्यात आवाज अडवायची कानाची डबडी अडकवलेली. मला गेटवर बघून त्यांचा चेहरा उतरला, म्हणाले, "ओजसला काही झालं?"

"ओजस ठीक आहे. तुमचे कान ठीक आहेत." मी पिशवीतून डब्या काढल्या. "ही बघा लाल. उघडा आणि नंबर वाचा."

त्यांनी चिप उन्हात धरली. खूप वेळ धरली. मग अंगठ्याने पायांमधलं काहीतरी खरवडलं आणि बोटाकडे बघितलं.

"कुंकू?"

"खंडेनवमी होती."

"परत ठेवताना कोणती कुठली बघितलं नाहीस?"

"डब्या तीन, चिपा तीन. एकेक ठेवली. सारख्याच तर दिसतात."

चिप डबीत ठेवली. मग म्हणाले, "लालला मी काय म्हणायचो?"

"हिरवी."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तिथेच फुटपाथच्या कडेवर बसले. मला वाटलं आता ओरडतील, आणि मी तयारी केली होती. ते म्हणाले, "मला हिरवीच ऐकू येत होती गं. स्वच्छ. मागे काही नाही. पण तू म्हणालीस चूक."

"म्हणाले खरी."

"तू खोटं बोलत नाहीस. मग म्हटलं, कानच बोलत असतील."

वन्सं, चार महिने मी खोटं न बोलण्याचं पुण्य साठवत होते. ते सगळं त्या फुटपाथवर खर्च झालं. माझा एकेक 'चूक' खरा होता आणि एकूण सगळं खोटं. अशा नेमाला काय म्हणतात ते आळंदीच्या महाराजांना विचारीन म्हणते, पण ते विचारतील कोणी केलं, आणि मला खरं सांगावं लागेल.

तेवढ्यात नागसेन साहेब बाहेर आले. तरुण आहेत, मला काकू म्हणाले. सगळं ऐकून घेतलं. हसू दाबलं ते मला दिसलं. मग म्हणाले, "काका, दुपारी तुम्हीच येऊन सांगितलंत की आणखी विचार करायचा नाही. मी अर्ज मघाशीच वर पाठवला." आता तो परत मागवायचा तर सहा तारखेच्या कानतपासणीत उतरावं लागेल. नाही उतरले तर स्टोअर नक्की.

बसमध्ये वाटलं होतं की एकदा सांगितलं की सुटले. तसं नाही झालं. काल सुट्टी होती, यंत्र खाली काढलं, चिपा आपापल्या घरी गेल्या, मी लावायला बसले. ते बाहेरून म्हणाले, "लाल... नाही, थांब." आधी कधी 'थांब' म्हणत नव्हते. दहात सहा. नंबर वाचून, झाकण वाचून, दोनदा खात्री करून मी 'चूक' म्हणते आणि तरी तिसऱ्यांदा नंबर वाचते.

आपली
अरुंधती


तळेगाव दाभाडे
१ नोव्हेंबर २०२५

चि. अरुंधतीस आशीर्वाद.

भिवाला दिवाळीचा फराळ पाठव. हे पत्रही स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले होते, पण तू चकलीचा साचा स्वतःच स्वतःवर फिरवलास, माझ्यासाठी काही ठेवलं नाहीस. एकच सांगते, शिक्षिकेच्या अनुभवावरून. मुलगा परीक्षेआधी 'थांब' म्हणायला लागला की त्याला उत्तर येत असतं, फक्त विश्वास नसतो. त्याला रोज विचारू नकोस. चार दिवस चिपा बंद. मिक्सर लाव, पंखा लाव, तुझा गुडघा लाव. बुश गेलंय का विचार. जे त्याला न विचारता येतं, ते त्याला करू दे.

आणि अध्यक्षीणबाईंची पेटी घरी बोलाव.

विजयश्री


यमुनानगर, निगडी
९ नोव्हेंबर २०२५

ती. वन्संना नमस्कार.

व्रत सुटून आठवडा झाला. द्वादशीला पारणं केलं, फोन खणातून काढला, सुरू केला. चार महिन्यांचे सुप्रभात एकदम येऊन पडले. बघितले, आणि परत खणात ठेवला. म्हणून हे पत्र.

तुमचं सगळं ऐकलं. चिपा बंद ठेवल्या. पहिल्या दिवशी मिक्सर लावून मी आपणच म्हटलं, "हा वेगळा का ओरडतोय?" बसल्या जागेवरून म्हणाले, "बुश गेलंय, ऑगस्टपासून सांगतोय." दुरुस्तीवाल्याकडे नेला. बुशच होतं. पेटीही आली. अध्यक्षीणबाई स्वतः घेऊन आल्या, चेहरा असा की उपकारच. यांनी एक सूर दाबला, मान हलवली, आतली पत्ती सैल आहे म्हणाले. बाई म्हणाल्या, "मला तर काही कळत नाही." मी म्हटलं, "मलाही नाही, पण त्यांच्या कानाला मी एकदा हसले आहे, तुम्ही हसू नका." पेटी नीट झाली. आता शुक्रवारी त्या पेटीवर सगळ्यांचे सूर लागतात आणि माझा लागत नाही हे उघड पडतं.

सहा तारखेला तपासणी झाली. मी घरी दिवा लावून बसले होते. काय मागावं हे सुचेना. देवीने मागच्या वेळी मागितलेलं देऊन दाखवलं होतं, त्यामुळे जपूनच बोलले. संध्याकाळी आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि मी विचारीपर्यंत काही बोलले नाहीत, खानदानी सवय.

डावा कान वरच्या पट्टीत थोडा उतरला आहे. उजवा उत्तम. मिळून पास. अर्ज परत आला. टेबल राहिलं. नागसेन साहेबांनी असं ठरवलंय की मशीन आणि काका दोघंही ऐकतील, आणि दोघांचं पटलं नाही तर गिअरबॉक्स उघडून बघायचा. या आठवड्यात एकदा पटलं नाही. उघडला. कोण बरोबर निघालं हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आहे, तुम्हाला फोन करून सांगतीलच. डाव्या कानाचं मात्र सांगणार नाहीत. ते मी सांगितलं.

काल संध्याकाळी म्हणाले, "आता यंत्राचं काम संपलं. माळ्यावर ठेवतो. तुझे पापड." माझी खोली मला मिळत होती, वन्सं. चार महिने जे मागत होते ते समोर आलं होतं. मी म्हटलं, ठेवा, पण आधी तो अभंग एकदा शेवटपर्यंत लावा, बुवांची हाक विठ्ठलापर्यंत पोचू द्या. पापाची थोडी फेड होईल.

दोघं बाहेर बसलो. बटणाजवळ कोणी नव्हतं. पहिल्या दोन ओळी गेल्या आणि पुढे एवढा मोठा अभंग होता हे मला पहिल्यांदा कळलं. बुवा शेवटी थांबतात, श्वास घेतात, तिथे क्षणभर सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत मागे लांब कुठेतरी कुकर लावल्यासारखं सूं ऐकू आलं.

मी म्हटलं, "अहो, आत पिवळी लागली आहे का?"

त्यांनी डोळे उघडले. मग उठून आत गेले, वाकून नंबर वाचला, झाकण वाचलं, आणि दारात येऊन म्हणाले, "बरोबर."

मी उठले, बटण बंद केलं आणि हिरवी लावली. पापड यंदा गच्चीवर वाळतील.

आपली
अरुंधती